अभिनय शिकायला विद्यापीठात जाताना

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाने मराठी रंगभूमीला दिलेल्या माणसांची यादी मोठी आहे. डॉ. श्रीराम लागू तिथे शिकले आणि कान-नाक-घशाचे शल्यविशारद झाले. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे तिथलेच. सतीश आळेकर त्याच आवारात जीवरसायनशास्त्र विभागात नोकरी करीत होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले तेव्हा दिग्दर्शन पटेलांचे होते आणि नाना फडणवीस आगाशे रंगवीत होते. नाट्यशास्त्राची पदवी यांपैकी कोणाच्याही नावापुढे नव्हती.

बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी घरात सांगते, "मला अभिनय शिकायचाय, रीतसर, विद्यापीठात जाऊन." मग नेमकी हीच नावे पुढे केली जातात. लागूंनी कुठे पदवी घेतली होती? निळू फुले तर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. अंगात असेल तर येतेच, त्यासाठी तीन वर्षे आणि पैसे कशाला घालवायचे?

प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. ही मंडळी न शिकता मोठी झालेली नाहीत. त्यांचे शिक्षण नाट्यसंस्थांमध्ये झाले. भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, १९६० मध्ये मुंबईत सुरू झालेले 'रंगायन', 'घाशीराम'नंतर १९७३ मध्ये उभी राहिलेली थिएटर अकॅडमी, या त्यांच्या शाळा. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी तालीम, असे वर्षानुवर्षे चालले. वाचने झाली, प्रयोग पडले, पुन्हा उभे राहिले. दहा-पंधरा वर्षे अशी घासून घेतल्यावर ती माणसे 'नैसर्गिक' वाटू लागली.

आज तशी संध्याकाळ उरलेली नाही. मुंबईत नोकरदार तरुणाचे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात, पुण्यात वाहतुकीत जातात. आठवड्यातून दोनदा अख्खा संच तालमीला जमवणे हेच हौशी संस्थेपुढचे मोठे काम होऊन बसते. जी तालीम पूर्वी एखादी संस्था दहा वर्षांत सावकाश देत असे, ती दोन-तीन वर्षांत सलग मिळण्याची सोय आता प्रामुख्याने विद्यापीठाच्या नाट्यविभागातच उरली आहे. तिथे जाण्याचे खरे कारण हे आहे, आणि संस्था निवडताना, चाचणी देताना, पदवीनंतरचे आडाखे बांधताना हेच कारण समोर ठेवले तर निर्णय चुकत नाहीत.

विद्यापीठ काय देते

अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडली की पहिल्यांदा दिसतो तो इतिहास. भरताचे नाट्यशास्त्र, ग्रीक शोकांतिका, शेक्सपिअर, संगीत नाटक, स्तानिस्लावस्की, ब्रेख्त. अनेकांना वाटते, हे परीक्षेपुरते. तसे नाही. अभिनयाची आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक अशी चार अंगे भरताने सांगितली. शरीर, वाणी, वेश-रंगभूषा आणि अंतःकरणातून उमटणारा भाव, हीच आजही कोणत्याही नाट्यविभागाच्या वेळापत्रकाची विभागणी असते. सकाळी शरीराचा वर्ग, मग आवाजाचा, दुपारी नाट्यवाचन किंवा सिद्धान्त आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत तालीम.

शरीराच्या वर्गात योगासने असतात, कुठे कलरीपयट्टू, कुठे लेझीम किंवा लावणीची पावले. नट दिसायला चांगला व्हावा म्हणून हे नसते. भूमिकेने मागितलेली चाल, वय, थकवा शरीराला देता यावा म्हणून असते. आवाजाच्या वर्गात श्वास, छाती आणि मस्तकातला स्वर, शब्दाचा शेवट न गिळण्याची सवय. माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोहोचवायचा आणि तरी ओरडायचे नाही, हे जमायला महिने जातात.

त्याहून महत्त्वाचे शिक्षण पडद्यामागे होते. चांगल्या विभागात पहिल्या वर्षाला लगेच मुख्य भूमिका मिळत नाही. खिळे ठोकणे, प्रॉपर्टी सांभाळणे, दिव्यांच्या जागा बदलणे, वरच्या वर्गाच्या नाटकात विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करणे ही कामे वाट्याला येतात. प्रकाशझोत कुठे पडतो हे ज्याने स्वतः दिवा लावून पाहिले आहे, तो नट अंधारात उभा राहून संवाद म्हणत नाही.

आणि चुकण्याची मुभा. व्यावसायिक नाटकात निर्मात्याचे पैसे गुंतलेले असतात, मालिकेत दिवसाला ठरावीक प्रसंग संपवायचे असतात. तिथे चुकून पाहायला कोणाला वेळ नसतो. विद्यापीठात एखादी भूमिका पूर्ण फसली तर दुसऱ्या दिवशी शिक्षक आणि वर्गमित्र बसून ती का फसली याची चर्चा करतात. नटाच्या आयुष्यात असा काळ पुन्हा येत नाही.

कोणते दार कोणासाठी

पहिली विभागणी सोपी आहे. बारावीनंतर थेट प्रवेश मिळणाऱ्या संस्था एका बाजूला आणि कोणत्याही शाखेची पदवी मागणाऱ्या दुसऱ्या बाजूला.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. नाटक, संगीत आणि नृत्य या तिन्ही कला तिथे एका छताखाली, गुरुकुलाच्या धर्तीवर शिकवल्या जातात. बारावीनंतर बी. ए. आणि पुढे एम. ए. अशी सोय आहे. वैद्यकीय महाविद्यालयातली नोकरी सोडून सतीश आळेकर १९९६ मध्ये याच केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत तिथे होते. म्हणजे पदवीविना घडलेल्या पिढीनेच पुढच्या पिढीसाठी पदवीचे शिक्षण उभारले.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग मराठवाड्यातल्या मुलामुलींसाठी मोठा आधार ठरला. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा उभ्या करणारे डॉ. लक्ष्मण देशपांडे याच विभागात शिकवत. गावाकडची बोली हा दोष नसून नटाचे भांडवल आहे, हे त्यांच्या प्रयोगाने हजारो प्रेक्षकांसमोर सिद्ध केले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. गोव्यात कला अकादमीचे नाट्यमहाविद्यालय पणजीला आहे. मांडवीकाठच्या चार्ल्स कोरियांच्या त्या वास्तूत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी उत्सवी नाटक, कोकणी रंगभूमी आणि तियात्र या तीन परंपरा शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली प्रयोगीय कलांची विद्याशाखा तर सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेपासून आपली परंपरा सांगते. गुजरातेतल्या मराठी कुटुंबांसाठी ती घराजवळची संस्था आहे.

पदवीनंतरच्या वाटेवर मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. कलिना संकुलात तिची उभारणी वामन केंद्रे यांनी केली. केंद्रे बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून आले, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, 'झुलवा'सारखे गाजलेले नाटक दिग्दर्शित केले आणि पुढे त्याच राष्ट्रीय विद्यालयाचे संचालक झाले. लोककलेकडे ओढा असलेल्यांसाठी मुंबई विद्यापीठाचीच लोककला अकादमी आहे.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय, सगळ्यांच्या तोंडी असलेले एनएसडी, १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने स्थापन केले आणि १९७५ मध्ये ते स्वायत्त झाले. त्याला शिस्त आणि दर्जा दिला तो पुण्यात जन्मलेल्या, तिथल्याच सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकलेल्या इब्राहिम अल्काझींनी. १९६२ ते १९७७ ते संचालक होते. रोहिणी हट्टंगडी, ज्योती सुभाष, उत्तरा बावकर, अतुल कुलकर्णी, अमृता सुभाष, गीतांजली कुलकर्णी ही तिथे शिकलेली मराठी नावे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ आणि निवासी. तांत्रिकदृष्ट्या हे विद्यापीठ नाही आणि तिथून पदविका मिळते. पदवी आणि नाटकातला अनुभव या दोन्ही गोष्टी अर्जासाठी लागतात. म्हणून बारावीतच एनएसडीचे स्वप्न पाहणाऱ्याने पदवीची वर्षे नाटकात भरून काढावीत. देशभरातून अर्ज येतात आणि जागा मोजक्याच असतात, त्यामुळे एका नकाराने खचू नये.

महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाचा नाट्यविभाग आहे, केरळात कालिकत विद्यापीठाचे त्रिशूरचे स्कूल ऑफ ड्रामा आहे. के. व्ही. सुब्बण्णांनी कर्नाटकातल्या हेग्गोडु या छोट्या गावात उभारलेल्या 'नीनासम'चा अभ्यासक्रम एकाच वर्षाचा आणि कन्नडमधून चालणारा. पण एखादी संस्था गावात राहून किती मोठे काम करू शकते हे पाहायला तरी नाट्यविद्यार्थ्याने तिथे जाऊन यावे.

संस्था पारखण्याचे पाच प्रश्न

माहितीपत्रकावर माजी विद्यार्थ्यांचे चेहरे छापलेले असतात. ते पाहून निर्णय घेऊ नये. विभागात प्रत्यक्ष जावे आणि तिथे शिकणाऱ्यांना विचारावे.

एक, आठवड्याला प्रत्यक्ष तालमीचे आणि प्रात्यक्षिकाचे तास किती? वेळापत्रकात लिहिलेले तास सांगू नका, गेल्या महिन्यात झालेले सांगा, असा आग्रह धरावा.

दोन, वर्षाला विद्यार्थ्यांचे प्रयोग किती होतात आणि ते कोणापुढे होतात? फक्त परीक्षकांपुढे सादर होणारा प्रयोग आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढचा प्रयोग यांत फार अंतर आहे.

तीन, कायम शिक्षक किती आणि बाहेरून येणारे दिग्दर्शक कोण? अनेक विद्यापीठांत मंजूर पदे रिकामी असतात आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर विभाग चालतो. त्यांतले कित्येक जीव ओतून शिकवतात, तरीही तीन वर्षे विद्यार्थ्याची वाढ पाहणारे एखादे कायमचे माणूस विभागात असणे गरजेचे आहे.

चार, तालमीची जागा, छोटे नाट्यगृह, दिवे, ग्रंथालय आहे का? रात्री आठनंतर विभाग उघडा असतो का? नाटक कार्यालयीन वेळेत उभे राहत नाही.

पाच, पदवी मान्यताप्राप्त आहे का? खासगी विद्यापीठ असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत नाव आहे ना, हे स्वतः तपासावे. पुढे एम. ए., नेट किंवा शिक्षकाची नोकरी करायची झाली तर हा कागदच विचारला जातो.

याला एक प्रश्न जोडायला हवा, तो सुरक्षिततेचा. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, अभिनयाच्या सरावात शारीरिक जवळीक येते आणि दिग्दर्शकाच्या हाती भूमिका देण्याची सत्ता असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे सूचनाफलकावर लावलेली आहेत का, हे पाहावे. हा प्रश्न विचारल्याने प्रवेश नाकारणारी संस्था प्रवेश घेण्याच्या लायकीचीच नसते.

निवडचाचणी

बहुतेक ठिकाणी निवडीचे टप्पे सारखेच असतात. लेखी परीक्षा किंवा अर्जाची छाननी, मग पाठ केलेले उतारे सादर करणे, आयत्या वेळी दिलेल्या प्रसंगावर उत्स्फूर्त अभिनय, गाणे किंवा तालाची जाण पाहणे आणि मुलाखत. एनएसडीत प्राथमिक चाचणीतून निवडलेल्यांना दिल्लीला बोलावून काही दिवसांची कार्यशाळा घेतली जाते आणि तिथे अंतिम निवड होते.

उतारा निवडतानाच अर्धी मुले घसरतात. अठरा वर्षांचा मुलगा 'नटसम्राट'मधल्या गणपतराव बेलवलकरांचे स्वगत निवडतो. १९७० मध्ये लागूंनी ती भूमिका उभी केली तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले होते आणि त्यांच्यामागे अनेक वर्षांची रंगभूमी होती. मुली 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या बेणारेबाईंचे स्वगत करतात. सुलभा देशपांडे यांनी गाजवलेले ते स्वगत परीक्षकांनी असंख्य वेळा ऐकलेले असते आणि समोरच्या मुलीत त्यांना मूळ प्रयोगाची नक्कल दिसू लागते. आपल्या वयाजवळची पात्रे घ्यावीत. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'मधली रंजू किंवा पराग, विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मधली ज्योती किंवा अरुण, अनिल बर्वे यांच्या 'हमीदाबाईची कोठी'मधली शब्बो. तरुण नटाला पेलतील आणि तरी कस लावतील अशी ही माणसे आहेत.

उतारा दोन मिनिटांचा असला तरी नाटक पूर्ण वाचावे. "या प्रवेशाच्या आधी काय घडले?" हा प्रश्न मुलाखतीत येतोच. दोन उतारे एकमेकांपेक्षा वेगळे असावेत. एक गंभीर असेल तर दुसऱ्यात विनोद हवा, एक आजच्या बोलीतला असेल तर दुसरा जुन्या किंवा काव्यमय भाषेतला. चित्रपटातले संवाद शक्यतो टाळावेत, कारण ते म्हणताना मूळ नटाचा आवाज डोक्यातून जात नाही.

परीक्षक सादरीकरण मध्येच थांबवून सांगतात, "हेच आता अगदी हळू आवाजात, समोरच्याला कळू न देता की तू रडते आहेस." नापास करण्यासाठी ते थांबवत नाहीत. सूचना दिल्यावर नट बदलतो का, हे त्यांना पाहायचे असते. म्हणून घरी सराव करताना एकच उतारा पाच वेगवेगळ्या पद्धतींनी करून पाहावा. एकाच चालीत घोटून घोटून पक्का केलेला उतारा इथे मोडतो.

भाषेची तयारी वेगळी करावी लागते. दिल्लीच्या शाळेत शिकवणे हिंदी आणि इंग्रजीतून होते. मराठी मुलांचे हिंदी समजण्यापुरते बरे असते, पण उच्चारांत मराठी वळण डोकावते. रोज अर्धा तास हिंदी नाटक मोठ्याने वाचण्याची सवय सहा महिने आधी लावली तर फरक पडतो. आपली बोली मात्र पुसून टाकू नये. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'ने मालवणी थेट व्यावसायिक रंगमंचावर प्रतिष्ठित केली. प्रमाण मराठी, आपली बोली आणि हिंदी अशा तीन भाषा सफाईने बोलणारा नट तीन प्रकारच्या कामांसाठी उपलब्ध असतो.

आणि अनुभव. पुण्याची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून भरवते. आयएनटीची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाची नाट्यस्पर्धा, विद्यापीठांचे युवा महोत्सव आणि आंतरविद्यापीठ महोत्सव 'इंद्रधनुष्य' आहेत. यांतल्या कशातही, अगदी बॅकस्टेजलाही, केलेले काम तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. अर्जात ते मागितले जाते, प्रमाणपत्रेही लागतात.

शिकत असताना

स्पर्धेतून आलेल्या मुलांना पहिल्या सहामाहीत धक्का बसतो. एकांकिकेत टाळ्या घेणारी शब्दफेक, शेवटाला चढवलेला आवाज, प्रेक्षकांकडे पाहून घेतलेला पॉज, हे सगळे शिक्षक काढून टाकायला लावतात. काही काळ आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. हा टप्पा प्रत्येकाचा येतो आणि याच वेळी बरेच जण मालिकेतली एखादी छोटी भूमिका धरून शिक्षण सोडतात. मालिकेचे चित्रीकरण दिवसाचे बारा-तेरा तास चालते आणि त्यासोबत पूर्णवेळ अभ्यासक्रम निभावत नाही. काम पुढेही मिळते, पण सुटलेली शिस्त परत मिळवणे कठीण.

शिकत असताना शहरातले नाटक पाहणे हा अभ्यासाचाच भाग. पुण्यात सुदर्शन रंगमंच आणि बालगंधर्व, मुंबईत शिवाजी मंदिर आणि पृथ्वी थिएटर. व्यावसायिक, प्रायोगिक, बालनाट्य, तमाशा, दशावतार, कीर्तन, सगळे पाहावे. प्रयोगानंतर त्यावर पानभर लिहावे. वाचनात लागूंचे 'लमाण' आणि विजया मेहतांचे 'झिम्मा' ही आत्मचरित्रे असावीत. भूमिका कशी सापडते आणि कधी हातातून निसटते, याचा इतका तपशीलवार हिशोब मराठीत क्वचितच वाचायला मिळतो.

अभिनयाबरोबर दुसरे एखादे कौशल्य याच काळात पक्के करावे. प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, संगीत संयोजन, लेखन, भाषांतर, निर्मिती-व्यवस्था. ज्या महिन्यात भूमिका नसते त्या महिन्यात हेच भाडे भरते.

रंगमंच आणि कॅमेरा

नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी दोघेही एनएसडीतून बाहेर पडल्यावर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये, पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. तीन वर्षे कसून नाटक शिकल्यानंतरही कॅमेऱ्यासमोरचे काम वेगळे शिकावे लागते, असे त्यांना वाटले. एफटीआयआय १९६० मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात सुरू झाली. तिथल्या अभिनय वर्गातून जया भादुरी आणि शबाना आझमी बाहेर पडल्या. ज्याला पडद्यावरच काम करायचे आहे त्याने ही वाट थेट विचारात घ्यावी.

तरी दोन्हीकडचा पाया एकच असतो. रोहिणी हट्टंगडी १९७४ मध्ये एनएसडीतून बाहेर पडल्या, मराठी-हिंदी रंगभूमीवर काम करत राहिल्या आणि 'गांधी'तल्या कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. अतुल कुलकर्णी सोलापूरच्या हौशी रंगभूमीवरून दिल्लीला गेले, १९९५ मध्ये शिक्षण पूर्ण केले आणि पुढे 'हे राम' व 'चांदनी बार' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. गीतांजली कुलकर्णी यांनी 'कोर्ट' या चित्रपटातली सरकारी वकील इतकी साधी केली की ती करताना काही केल्यासारखे वाटतच नाही. तो साधेपणा कमावलेला आहे.

तीन महिन्यांत 'हिरो' बनवणाऱ्या खासगी वर्गांबद्दल एक स्पष्ट सूचना. कार्यशाळा जरूर करावी, पण शिकवणाऱ्याचे काम आधी पाहून. काम मिळवून देण्याच्या बदल्यात शुल्क मागणाऱ्याकडे, ऑडिशनसाठी पैसे घेणाऱ्याकडे किंवा महागड्या फोटोंची सक्ती करणाऱ्याकडे पाठ फिरवावी. खरी ऑडिशन विनामूल्य असते.

पैशाचा हिशोब

शासकीय विद्यापीठांचे शुल्क तुलनेने परवडणारे असते, खासगी विद्यापीठांत ते लाखांत जाते. कर्ज काढून अभिनय शिकण्यापूर्वी दहादा विचार करावा. अभियांत्रिकीच्या पदवीनंतर निदान पगाराचा अंदाज बांधता येतो, इथे पहिली काही वर्षे हप्ता फेडण्याइतके नियमित उत्पन्न मिळण्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. शुल्कापेक्षा पुण्या-मुंबईतला राहण्या-खाण्याचा खर्च मोठा असतो, म्हणून वसतिगृह मिळेल का हे आधी विचारावे.

एनएसडीत निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातल्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिच्यात नाटक आणि मूकाभिनयही येतात. मागास प्रवर्गांसाठीच्या शासकीय शिष्यवृत्त्या आणि शुल्कसवलती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच लागू होतात, त्यामुळे मान्यतेचा प्रश्न इथेही आडवा येतो.

पदवीनंतर

नाटकाच्या पदवीधराने 'नट होणे' एवढेच ध्येय ठेवले तर वाट अरुंद दिसते. प्रत्यक्षात ती बरीच रुंद आहे. व्यावसायिक नाटकात प्रत्येक प्रयोगाला 'नाइट', म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते. विदर्भाच्या पूर्व भागात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके करते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र. मुंबईच्या वर्तुळात फारशी चर्चा नसलेली ही रंगभूमी शेकडो कलावंतांना हंगामभर काम देते. आकाशवाणी नाट्यकलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी देते. डबिंग, ध्वनिपुस्तके, मालिका आणि चित्रपटांतले साहाय्यक दिग्दर्शन, कास्टिंग यांत आवाजाचे आणि संहितेचे शिक्षण थेट उपयोगी पडते.

शाळांमधले नाट्यशिक्षण हे वाढते क्षेत्र आहे. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये थिएटर अकॅडमीमार्फत पुण्यात आणली. मुलांच्या खऱ्या प्रश्नांवर मोठ्या नटांनी मुलांसाठी नाटक करायचे, हे त्यामुळे मराठीत रुजले. एनएसडीची मुलांसाठीची 'संस्कार रंग टोली'ही १९८९ पासून काम करते. मुलांबरोबर काम करायची आवड असलेल्याने तिकडे दुय्यम म्हणून पाहू नये. एम. ए. नंतर प्राध्यापक व्हायचे असेल तर नेट परीक्षेत नाट्यकलेचा समावेश असलेला प्रयोगजीवी कलांचा विषय आहे. ज्या विभागांत पदे रिकामी आहेत तिथे उद्या याच मुलांनी शिकवायचे आहे.

नोकरी आणि नाटक एकत्र करायलाही कमीपणा मानू नये. आळेकर, आगाशे यांनी वर्षानुवर्षे तेच केले. लागूंनी वैद्यकीय व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या सुमारास घेतला.

पालकांनी भीती बोलून दाखवावी, पण 'आधी इंजिनीअर हो, मग बघू' ही अट घालण्यापूर्वी मुलाने किंवा मुलीने केलेले एक तरी नाटक पूर्ण पाहावे, तालमीला एकदा जाऊन बसावे. दोन वर्षे, परीक्षेच्या दिवसांतही, मूल तालीम चुकवत नसेल तर ती हौस राहिलेली नाही. आणि प्रसिद्धीच तेवढी हवी असेल, तालमीचा कंटाळा येत असेल, तर तेही तिथे बसल्यावर दिसते. मग तीन वर्षांचे शिक्षण घेण्याची गरज नाही.

प्रवेशाच्या जाहिराती साधारण उन्हाळ्याच्या आसपास संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात आणि मुदत थोडीच असते. दरवर्षी अटी आणि वयोमर्यादा बदलू शकतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये, मूळ जाहिरातच वाचावी. त्याआधी हाताशी असलेल्या महिन्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने तीन कामे करावीत: दोन नाटके संपूर्ण वाचून त्यांतले उतारे पाठ करावेत, जवळच्या हौशी संस्थेत किंवा महाविद्यालयाच्या एकांकिकेत मिळेल ते काम घ्यावे, आणि ज्या विभागात प्रवेश घ्यायचा आहे तिथल्या विद्यार्थ्यांचा निदान एक प्रयोग प्रेक्षकांत बसून पाहावा. तो पाहून तिथेच थांबावेसे वाटले, तर अर्ज भरावा.